थोडेच दिवस आलेल्या मुलांची नावं गाळू नका : बालमंडळांच्या स्मरणिका समित्यांना खुलं पत्र

प्रति,
चाळी, वाडे, पेठा आणि वसाहतींतल्या बालमंडळांच्या कार्यकारिणी व स्मरणिका समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत निघालेली बालमंडळं आता पन्नाशी-पंचाहत्तरीत आहेत. कुणाची सुरुवात राष्ट्र सेवा दलाच्या शाखेतून झाली, कुणाची साने गुरुजी कथामालेतून, कुणाची गणपतीच्या मंडपात, तर कुणाची एका कॅरम बोर्डाभोवती. महोत्सव ठरला की स्मरणिका आलीच, आणि तिच्यात 'संस्थेची वाटचाल' हा लेखही आलाच. त्या लेखात पहिल्या वर्षाची चार-पाच नावं येतात आणि वाक्य 'व इतर बालगोपाळ' म्हणून संपतं. त्या गाळलेल्या बालगोपाळांसाठी हे पत्र आहे.

आमची विनंती एकच. पहिल्या पाच वर्षांतल्या कुठल्याही कागदावर ज्या मुलाची किंवा मुलीची एकदा जरी नोंद सापडेल, त्या प्रत्येकाची एक ओळ स्मरणिकेत छापा. नाव, कधीपासून कधीपर्यंत, आणि कागदावर दिसणारं एखादं काम, एवढंच. चार महिने आलेला मुलगाही त्यात हवा.

ही नावं कुणी मुद्दाम गाळत नाही. स्मरणिकेची यादी करायला बसतात ती मंडळात टिकलेली माणसं, आणि त्यांना आठवतात ती त्यांच्याबरोबर टिकलेली माणसं. त्यामुळे रौप्यमहोत्सवाच्या यादीपेक्षा सुवर्णमहोत्सवाची यादी आखूड होते, आणि पुढची आणखी आखूड. शिवाय नोंदणीच्या कागदांमुळे एक घोटाळा होतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था नोंदवायला किमान ७ जण लागतात. मंडळ सुरू झाल्यावर काही वर्षांनी कुणीतरी वडीलधाऱ्यांनी सह्या करून नोंदणी केलेली असते, आणि मग तेच ७ जण 'संस्थापक' म्हणून छापले जातात. ज्या पोरांनी पहिल्या दिवशी अंगण झाडून लंगडीचं मैदान आखलं, ती त्या कागदावर असणं शक्यच नव्हतं. धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या नोंदीतही विश्वस्तच सापडतात, मुलं नाहीत. मुलं सापडतात ती तुमच्याच कपाटातल्या वह्यांत.

कुठल्या वह्यांत? सभासदांचं रजिस्टर बहुतेक जण बघतात आणि तिथेच थांबतात. थोडे दिवस आलेल्या मुलाचं नाव त्यात नसण्याचीच शक्यता जास्त, कारण चिटणीस झालेला मुलगा ते रजिस्टर वर्षातून एकदा नीट लिहून काढायचा, आणि तोवर हा मुलगा गेलेला असायचा. त्याच्या खुणा कच्च्या कागदांत असतात. वर्गणीची वही पहिली बघा : जून, जुलै, ऑगस्टच्या चौकटींत खूण आणि पुढे आडव्या रेघा. मग पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, म्हणजे मंडळाकडे राहिलेल्या प्रती. मग कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. तिच्यात 'चेंडूबद्दल अमक्यास दिले' अशी नोंद असते, आणि तो अमका इतर कुठल्याही यादीत नसतो. बालवाचनालयाची देवघेव वही तर फार मोलाची. परत न आलेल्या पुस्तकासमोर शाईनं गोल केलेलं नाव, आणि पुढे शेऱ्यात 'गावी गेला'. त्या मुलाबद्दल मंडळाकडे उरलेला एकुलता एक पुरावा कधीकधी एवढाच असतो. गॅदरिंगच्या कार्यक्रमपत्रिका, नाटुकल्यातल्या पात्रांची यादी आणि स्पर्धेचे प्रवेश अर्जही पाहा. खो-खोच्या जुन्या यादीत ९ खेळणारे आणि ३ राखीव असत. बक्षिसाच्या फोटोखाली ९ नावं छापली जातात. राखीव तिघं प्रवेश अर्जावरच राहतात.

काम असं करा. पोस्टकार्डाच्या आकाराची कार्डं घ्या, दर मुलामागे एक. वहीत नाव दिसलं की कार्डावर वहीचं नाव, पान आणि नोंद जशीच्या तशी उतरवा, अशुद्ध असेल तर अशुद्धच. 'बाळू (वरचा मजला)' असं लिहिलं असेल तर तेवढंच लिहा. तो कोण असावा हे आपल्या मनानं भरू नका. सगळ्या वह्या संपल्याशिवाय कार्डं एकत्र करू नका. घाईनं कार्डं जुळवली की हमखास दोन मुलांचा एक मुलगा होतो. घरात सगळ्यांचीच हाक बाळ, बंड्या, बबन, बेबी, छकुली. एकाच मजल्यावर दोन बाळू. थोरला गेल्यावर त्याच वर्गणीच्या रांगेत धाकटा येतो. दोन कार्डं एकाच मुलाची मानायला नावाखेरीज निदान एक दुवा हवा : खोली क्रमांक, इयत्ता, भावाचं नाव किंवा अक्षर.

वहीवर साल नसेल तर पैसे बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. वर्गणी 'चार आणे' लिहिली असेल तर वही बहुधा त्याआधीची, पण बोलण्यात आणे पुढे बरीच वर्षं टिकले, म्हणून एका नोंदीवर भिस्त ठेवू नका. 'न. पै.' म्हणजे 'नये पैसे' लिहिलं असेल तर काम सोपं, कारण 'नये' हा शब्द १ जून १९६४ ला अधिकृतपणे गेला. म्हणजे ती वही साधारण त्या सात वर्षांतली, फार तर थोडी पुढची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसतं 'मुंबई ४' किंवा 'मुंबई २८' असेल तर बहुधा आधीचा. छापील पत्रिकेवर 'मुंबई राज्य' असेल तर १ मे १९६० च्या आधीची. इयत्तेच्या रकान्यात मॅट्रिक म्हणून 'अकरावी' असेल तर जुना आकृतिबंध, कारण दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ ला झाली. वाचनालयात 'किशोर' मासिक आल्याची नोंद असेल तर ती नोव्हेंबर १९७१ किंवा नंतरची. असे दोन-तीन पुरावे एकाच सालाकडे बोट दाखवू लागले की साल लिहा, आणि पुढे 'अंदाजे' हा शब्द ठेवा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. वहीत नाव थांबलं म्हणजे मूल यायचं थांबलं, असं नाही. पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या मंडळांचे कागद १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेले. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पाण्यानं तळमजल्यावरची कपाटं भिजली. एखाद्या मंडळाच्या यादीत १९६१ च्या जुलैनंतर एकदम पंधरा मुलं 'गेली' असं दिसलं, तर मुलं गेली नाहीत, वही गेली. चिटणीस बदलला की नवा मुलगा नव्या वहीत फक्त ओळखीची नावं उतरवतो, तेव्हाही अशीच गळती दिसते. मार्च-एप्रिलला परीक्षा आणि मे महिन्यात गाव, म्हणून त्या तीन महिन्यांच्या रिकाम्या चौकटींवरून काहीच ठरवू नका. खरी गळती दिसते ती जूनला. बदलीची नोकरी असलेल्या घरांतली मुलं, म्हणजे रेल्वे, पोलीस, पोस्ट, बँक, बहुधा शाळेचं वर्ष संपल्यावर जात. गिरणगावातल्या मंडळांनी १८ जानेवारी १९८२ नंतरची पानं वेगळी काढून बघावीत. त्या दिवशी सुरू झालेला गिरण्यांचा संप लांबला तशी कितीतरी घरं कोकणात, साताऱ्याकडे, घाटावर परतली, आणि मुलांची नावं वर्षाच्या अधेमधेच थांबली. त्या काळात मंडळ नुकतंच सुरू झालं असेल, तर त्याचे पहिले सभासद हेच.

'नाव कमी' एवढाच शेरा असेल तर फार जपा. मूल आजारपणात किंवा अपघातात गेलेलं असू शकतं. पूर्वी चिटणीस मुलं असा शेरा मारून गप्प बसत, कारण त्यापुढे काय लिहायचं ते त्यांनाही कळत नसे. कारण पक्कं कळेपर्यंत 'सोडून गेला' असं छापू नका. 'नोंद ऑगस्टपर्यंत' एवढं पुरतं. बहीण-भाऊ आजही ती ओळ वाचतील, हे ध्यानात ठेवून लिहा.

मुलींची नावं शोधायला वेगळी मेहनत लागते. वर्गणी भावाच्या नावावर आणि पुढे नुसतं 'व बहीण', अशा नोंदी असतात. या मुलीचं वेगळं कार्ड करा, क्रमांक द्या, आणि नाव सापडेपर्यंत ते उघडं ठेवा. हजेरीत नसलेल्या मुली नाटुकल्याच्या, समूहगीताच्या आणि रांगोळीच्या यादीत भेटतात. छापताना मंडळात असतानाचं नाव आधी, आणि त्या बाईंची संमती असेल तरच आताचं नाव पुढे. उलट क्रमानं छापलं तर तिच्या बरोबरीच्या मुलांनाही ती कोण हे कळत नाही. यादी आडनावाऐवजी पहिल्या नावानं लावा, तेही याचसाठी. त्या वयात सगळे एकमेकांना नावानंच ओळखत.

कागद हाताळण्याबद्दल. जुन्या वह्यांत जांभळट कॉपिंग पेन्सिलचं लिखाण बरंच सापडतं. ओलावा लागला की ते फुटतं आणि पसरतं. थुंकी लावून पान उलटायची सवय असलेल्या माणसाला या कामावर बसवू नका, मग तो अध्यक्ष असला तरी. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका : काही वर्षांनी चिकटा आत मुरतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग अक्षरांवर राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते परत निघत नाही. गंजलेली टाचणी ओढू नका. पानाच्या दोन्ही बाजूंनी आधार देऊन तिची टोकं आधी उचला, मग सोडवा. वही उन्हात वाळत घालू नका, निळी शाई उडते. वाळवी आणि कसर भिंतीकडून येते, म्हणून दप्तर कपाटाच्या तळच्या फळीवर नको आणि कपाट भिंतीपासून चार-सहा इंच पुढे हवं. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती रुमालात बांधलेलं दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीतल्यापेक्षा चांगलं टिकतं, कारण पिशवीत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.

वह्यांचे फोटो आधी काढा आणि मग फोटोंवरून काम करा, म्हणजे मूळ पानं पुन्हा पुन्हा उलटावी लागत नाहीत. खिडकीजवळ, पण थेट ऊन न येणाऱ्या जागी टेबल घ्या. एक जण पानं उलटतो, दुसरा वरून मोबाइल पानाला समांतर धरतो. फ्लॅश बंद. २०० पानी वही दोघं एका दुपारी निवांत संपवतात. पेन्सिल पुसट झालेली असेल तर एका बाजूनं तिरका उजेड पाडा, कागदावरच्या दाबाच्या खुणा वाचता येतात. हे फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवू नका. ते दाबून लहान होतात, बारीक अक्षर विरतं. पाठवायचेच असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक मंडळाच्या खोलीबाहेर दुसऱ्याच्या घरी. फाइलच्या नावात साल, वही आणि पान एवढं असलं की पुरे. छायाचित्रं स्कॅन करताना निदान ६०० डीपीआय ठेवा, नाहीतर मागच्या रांगेतले चेहरे मोठे करून बघता येत नाहीत. जाडसर चिकट पानांच्या अल्बममधले फोटो खेचून काढू नका. पान तसंच ठेवून त्यावरूनच स्कॅन करा.

समूहछायाचित्राची ओळखपरेड ही या सगळ्या कामातली सर्वांत नाजूक पायरी, आणि बहुतेक समित्या ती स्नेहमेळाव्यात, पडद्यावर फोटो टाकून उरकतात. असं करू नका. पहिला मोठ्या आवाजात एक नाव घेतो, बाकीचे 'हो हो, तोच' म्हणतात, आणि पाच मिनिटांत ते नाव कायमचं चिकटतं. त्याऐवजी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा. वरच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे क्रमांक द्या. अर्धवट दिसणारा, हललेला, कडेला कापलेला चेहरासुद्धा क्रमांकात घ्या. नुकता आलेला मुलगा बहुधा कडेलाच उभा असतो. मग तो फोटो आणि आराखडा प्रत्येकाला एकेकट्यानं दाखवा आणि उत्तरं वेगवेगळ्या कागदावर लिहा. दोघांनी एकमेकांना न विचारता तेच नाव सांगितलं आणि त्या सालच्या वहीत ते सापडलं, तर 'खात्रीचं'. एकानंच सांगितलं तर 'बहुधा'. बाकी 'नाव उपलब्ध नाही', आणि क्रमांक तसाच छापा. रिकामा क्रमांक छापलेला असला की वाचणारा कुणीतरी पुढे येऊन सांगतो, 'हा तर आमच्या शेजारचा.' क्रमांकच नसेल तर तो चेहरा आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेननं काही लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं लिहा.

माणूस शोधायला निघालात तर आधी शेजार शोधा. त्या खोलीत नंतर कोण राहायला आलं, दूध कोण घालायचं, घरमालकाच्या भाडेपावत्या कुणाकडे आहेत. वडिलांचं नाव कळलं तर जुन्या मतदार याद्यांत खोली जुळते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख असते, पण दाखला मागायचा हक्क त्या माणसाचा. समितीनं त्या रजिस्टरची पानं मागू नयेत. त्यात जात, जन्मतारीख, सगळं असतं आणि त्यातलं काहीही स्मरणिकेत यायचं कारण नाही. पत्ता लागला तर फोनआधी पत्र पाठवा, सोबत वहीतल्या त्या नोंदीची प्रत जोडा. हल्ली अनोळखी फोनला लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. पत्रात देणगीचा उल्लेख चुकूनही नको. त्या व्यक्तीनं 'माझं नाव नको' असं कळवलं तर नाव छापू नका. नोंद मंडळाच्या दप्तरात राहील, क्रमांकही राहील.

ओळ कशी लिहायची, त्याचा नमुना : 'क्र. १४. अमुक तमुक, इयत्ता पाचवी. जून ते सप्टेंबर १९५८. वर्गणी वहीत चार महिने. गणेशोत्सवातल्या नाटुकल्यात द्वारपाल. पुढची नोंद नाही.' याहून जास्त लिहिण्याचा मोह होतो. कुणीतरी सांगतं की तो फार हुशार होता, त्याचा आवाज गोड होता. सांगणाऱ्याच्या नावासह आठवण म्हणून वेगळ्या चौकटीत ती जरूर छापा, पण यादीच्या ओळीत फक्त कागदावरचं असू द्या. दुसऱ्या बाजूला, अमका आज मोठ्या पदावर आहे असं कळताच त्याची चार महिन्यांची नोंद 'संस्थापक सदस्य' होते, हेही घडतं. पहिल्या वर्षाचा सभासद हा पहिल्या वर्षाचा सभासद. तो पुढे कलेक्टर झाला काय किंवा हमाली करत राहिला काय, ओळ तेवढ्याच लांबीची.

जागा नाही, हे कारण समित्या नेहमी देतात. दोन रकान्यांत, १० पॉइंटमध्ये, दर नोंदीला दोन ओळी धरल्या तर एका पानावर साधारण ४० ते ४५ नोंदी बसतात. चार पानांत दीडशेच्या वर मुलं येतात, म्हणजे ८ पानी फॉर्म्याचा निम्मा. मान्यवरांच्या शुभेच्छापत्रांना याहून जास्त पानं जातात. ती पत्रं लहान आकारात एका पानावर चार छापा, जागा निघते.

मुद्रितं तपासताना एकानं मूळ कार्ड मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं छापील ओळ बघावी. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर उडी मारतात, आणि 'ऱ्ह', 'ऱ्य' तुटतात. कर्णिक, वर्तक, कऱ्हाडकर, शिर्के अशी आडनावं एकेक करून डोळ्यांखालून घाला. मजकुरातली चूक वाचक सांभाळून घेतो, पण सत्तर वर्षांनी छापून आलेलं एकमेव नावच चुकलं तर त्या माणसाला ते फार लागतं.

यादीखाली एक ओळ अवश्य टाका : 'या यादीत दुरुस्ती किंवा भर असल्यास अमुक पत्त्यावर कळवावी', आणि पत्ता मंडळाच्या खोलीचा द्या. पदाधिकाऱ्याचा मोबाइल पुढच्या निवडणुकीनंतर उपयोगाचा राहत नाही. आलेली पत्रं त्याच कार्डांबरोबर, त्याच रुमालात बांधून ठेवा, आणि कार्डांची पेटी कुणाकडे आहे ते वार्षिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. महोत्सवाला वर्ष उरलं असेल तर वह्यांचे फोटो या पावसाळ्याआधी काढा. मेमध्ये पाऊस सुरू झालेला नसतो आणि गावाहून सुटीवर आलेली जुनी मंडळी भेटतात, त्यामुळे फोटो दाखवण्याचं कामही त्याच महिन्यात होतं.

आपले,
बालमंडळांची जुनी दप्तरं लावण्याचं काम करणारे आम्ही काही जण